मेंढवाड्याखालची ठोकठोक

मित्रांनो, मी एक जुनी खोदाईची गाडी आहे. पुढे रुंद सूप, मागे लांब हात आणि हाताच्या टोकाला दातेरी बादली. रोडोपीच्या डोंगरात मी चाळीस हिवाळे काढले. चर खणले, घरांचे पाये खणले, आणि गावातल्या कितीतरी जणांची कबरही मीच खणली.

माझी चालक रुम्याना. आधी तिचे वडील माझ्यावर बसत. ते गेल्यावर त्यांचा खड्डाही तिने माझ्याकडूनच खणून घेतला. त्याच वर्षी माझा पंप थकला, म्हणून मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचा पंप मला बसवला. मग काय विचारता! दांड्याला बोट लागायचा अवकाश, माझा हात चाबकासारखा फिरे. म्हातारीला पालवी फुटली, असं गाव म्हणे. मला मात्र माझ्याच हाताची भीती वाटू लागली. माझ्या दातांना माती कळेनाशी झाली होती. एकदा रुम्यानाने माझा हात नुसता टेकवायला घेतला, तर स्मशानाची भिंतच आडवी झाली.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि एका धुकट सकाळी डोंगर घसरून दोब्री मेंढपाळाच्या मेंढवाड्यावर आला. दोब्री आत होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बायको नेदेल्या हातांनी चिखल उपसत होती. एकही मेंढी ओरडत नव्हती.

रुम्याना दांडा धरणार, तोच गावचे मेकॅनिक स्पासकाका आडवे आले.

"बंद कर. या वेगाने तू त्याला काढणार नाहीस, चिरडशील."

"काका, तो खाली गुदमरतोय."

"म्हणूनच सांगतो. अर्धा तास दे मला, पोरी."

त्यांनी माझ्या तेलाच्या नळ्यांचे जोड उघडले आणि एकेकात मधोमध बारीक भोक असलेली लोखंडी चकती बसवली. तेवढ्याच भोकातून तेल जाणार, म्हणजे हात सावकाश हलणार. नेदेल्या काकांच्या पान्याकडे बघत राहिली. तसं बघणं मी पुन्हा पाहिलं नाही.

मग मी हात टाकला. मधात बुडावा तसा तो हळू उतरला, आणि कितीतरी महिन्यांनी मला माती जाणवली. मातीत ठोकठोक होत होती. तीन ठोके, मग शांतता. पुन्हा तीन. दांड्यातून ती रुम्यानाच्या तळहातालाही कळली. ठोके डावीकडे सरकले की आम्हीही डावीकडे सरकायचो. शेवटी एक दात तुळईला लागला आणि लागताच थांबला. आधीच्या वेगात तो आरपार गेला असता.

तुळईखालच्या पोकळीत दोब्री जिवंत होता. बरं झालं ठोकत राहिलास, असं रुम्याना त्याला म्हणाली. त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत तुळईखाली अडकलेले होते.

"मी कुठला ठोकतोय?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच. पण आवाज माझ्या पाठीखालून येत होता."

दोब्रीला सुखरूप बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे आणखी खणलं. हातभर खाली अखंड खडक लागला. गावात त्याबद्दल कोणी बोलत नाही. नेदेल्या दर रविवारी तिथे पाव ठेवून येते. कुणासाठी, ते सांगत नाही.

मित्रांनो, आता मला विकायचं चाललं आहे. नवा मालक म्हणेल, ही फार मंद आहे, चकत्या काढून टाका. कृपा करून काढू देऊ नका. यंत्र जितकं बळकट, तितका त्याचा हात हळू असावा. घाईच्या हाताला खाली कोण आहे ते कळत नाही. आणि खाली कोणीतरी असतंच.