गंजावरचं औषध

उशीचा अभ्रा बदलताना नेल्बाच्या हाताला बाटली लागली. तिने ती बाहेर काढली, लेबल वाचलं आणि भावाच्या पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली. बाटली जवळजवळ रिकामी होती.

"सापडली का?" दारातून विल्मारने विचारलं. अंगणातून खोलीपर्यंत येताना त्याला दोनदा भिंत धरावी लागली होती, तरी चेहऱ्यावर हसू होतं. "ओरडू नकोस. डॉक्टरांना मुद्दामच सांगितलं नाही. ते लोक सगळंच बंद करायला सांगतात."

"कधीपासून घेतोयस?"

"अगं, पहिल्या दिवसापासून. दवाखान्यातल्या किरणांचा एक दिवस चुकवला नाही, तशी गोळीही चुकवली नाही. दुप्पट घेतल्या. घरात शास्त्रज्ञ बहीण असताना मी असाच मरू की काय?"

वीसेक वर्षांपूर्वी मोन्तेविदेओच्या रेडिओवर नेल्बानेच सांगितलं होतं, की प्राणवायू लोखंडाला गंज चढवतो तसाच तो पेशींनाही हळूहळू खातो, आणि या गोळ्यांतलं द्रव्य तो गंज थोपवतं. विल्मार तेव्हा बंदरात जहाजांचा गंज खरवडायचा. बहिणीचं एवढं एकच संशोधन त्याला मुळापासून कळलं आणि त्याने ते अख्ख्या सेर्रो वस्तीला ऐकवलं. पुढे तिच्याच प्रयोगशाळेत त्या संशोधनाची दुसरी बाजू निघाली. किरणं कर्करोगाच्या गाठीला त्याच गंजाने मारतात, आणि गोळ्या त्या गाठीलाच पांघरूण घालतात. तेही तिने प्रामाणिकपणे छापलं. पण ती नियतकालिकं सेर्रोत कोण वाचणार? रेडिओवाल्यांनी पुन्हा बोलावलं नाही आणि आपण होऊन फोन करावा, असं तिच्याही मनात आलं नाही. विद्यापीठाने तिचा सत्कार केला तेव्हा विल्मार नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फुफ्फुसातली गाठ तसूभरही कमी झालेली नाही. फार तर थंडी संपेपर्यंत. किरणांचा गुण का आला नाही, ते त्यांनाही उमगत नव्हतं.

गोळ्या नसत्या तर तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे तीही सांगू शकली नसती. पण तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज विल्मारच्या पदरात टाकून आता त्याला काय मिळणार होतं? तिने बाटली पुन्हा उशीखाली ठेवली.

"संपत आल्यात," ती म्हणाली.

"मग आण की नव्या."

दोघं अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली येऊन बसली. विल्मार ‘माते’ नावाच्या तिकडच्या कडू चहावर गरम पाणी ओतत होता, तेवढ्यात फाटक वाजलं. फेर्मीन आला होता, बंदरातला त्याचा जुना सोबती. त्याच्या मानेवर दवाखान्यात काढलेल्या निळ्या खुणा होत्या.

"बरं झालं भेटलात, डॉक्टरीणबाई. सोमवारपासून माझीही किरणं सुरू. पण मी अगदी निर्धास्त आहे." त्याने खिशातून बाटली काढली. तीच, भरलेली. "यानं दिली."

"माझ्याकडून नेलेली एक तरी वस्तू परत केलीय का यानं?" विल्मार म्हणाला. "ही तरी कामी येऊ दे."

फेर्मीनला नंतर कोपऱ्यावर गाठून सांगावं, असं नेल्बाच्या मनात आलं. पण तो उलट पावली विल्मारकडेच विचारायला येणार, हेही तिला ठाऊक होतं. तोवर फेर्मीनने झाकण उघडून दोन गोळ्या तळहातावर घेतल्या होत्या आणि तो पाण्याचा ग्लास शोधत होता.

"फेर्मीन, त्या घेऊ नका."

"का हो?"

"किरणं चालू असताना घ्यायच्या नसतात. किरणांचा गुण येत नाही."

भावाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. फेर्मीन मात्र आधी त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला.

"पण यानं तर सगळ्या... आणि रेडिओवर तुम्हीच तर..."

विल्मारने थर्मॉस खाली ठेवला. झाकण लावायला त्याला बराच वेळ लागला.

"तिच्याकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मीच ऐकलं नाही. माझं डोकं तुला नवीन आहे का? आण ती बाटली इकडे. आणि सोमवारी वेळेवर जा."

फेर्मीन बाटली ठेवून निघून गेला. फाटक लागल्याचा आवाज आला. तेव्हा नेल्बाने विचारलं,

"आणखी कुणाकुणाला दिल्यास?"

विल्मार गल्लीतल्या घरांकडे बघत होता. मग त्याने टेबलाची कड धरली आणि उठायचा प्रयत्न केला.

"हात दे मला," तो म्हणाला. "दारोदार जावं लागेल."