तपासणीच्या दिवशी गैरहजर

मधली सुट्टी संपत आली होती. तिसरीच्या बाई शिक्षकांच्या खोलीत डब्याचं झाकण लावत होत्या, तेवढ्यात चौथीच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि उगाचच खडूचा खोका आवरू लागल्या. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणात धावून गेलेल्या. काही मागायचं असलं की मैत्रिणीचे हात असे कामाला लागतात, हे तिसरीच्या बाईंना पाठ होतं.

"बोल की. खोका काय पळून जात नाही."

"परवा तपासणीचे साहेब यायचेत पाठ बघायला," चौथीच्या बाई खाली बघत म्हणाल्या. "मुंगीला तेवढा दिवस घरी ठेवशील? बरं नाही म्हणून सांग."

तिसरीच्या बाईंनी डबा खाली ठेवला. मुंगी ही त्यांचीच मुलगी, चौथीच्या वर्गातली. सगळं सावकाश करते, पण हातात घेतलेलं सोडत नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

"ती वाचते, तुला माहितीये. फक्त वेळ लागतो."

"मला माहितीये गं. साहेबांना वेळ नसतो." चौथीच्या बाईंनी खोका बाजूला सारला. "गेल्या वर्षी खालची श्रेणी मिळाली. यंदाही मिळाली तर लांब बदली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुणाच्या भरवशावर टाकू?"

ही रीत कुणी पाडली ते शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. साहेब वर्षातून एकदा येत, मागच्या बाकावर थोडा वेळ टेकत आणि शिक्षकाला श्रेणी देऊन जात. म्हणून आधीच प्रत्येक वर्गातून दोन-चार घरी निरोप जाई. अडखळणारी, उशिरा समजणारी, प्रश्न विचारला की रडवेली होणारी मुलं त्या दिवशी आजारी पडत. उरलेला वर्ग कसा चुणचुणीत दिसे.

तिसरीच्या बाईंनीही असे निरोप धाडले होते. अशा मुलांना कसं शिकवायचं ते दाखवायला कुणाला तरी पाठवा, असं त्यांनी मुख्याध्यापकांकडे अनेकदा मागितलं होतं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. "असं लिहून देऊ नका, बाई," तो समजुतीने म्हणे. "तुम्हाला येत नाही, असा अर्थ निघतो त्याचा."

त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो औषधांच्या दुकानात कामाला होता, मितभाषी होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "राग कशाचा आलाय तुला? निरोपाचा, की तो आपल्या घरी आला त्याचा?"

बाईंची सुरी थांबली.

मुंगी पलीकडे ताटं पुसत होती. तिने ताट खाली ठेवलं. "आई, माझ्यामुळे आमच्या बाईंचे मार्क कमी होतात का?"

"कोण म्हणालं असं?"

"कुणी नाही. मला कळतं."

बाईंनी तेव्हाच ठरवलं. यंदा आपल्या वर्गातून एकही निरोप जाणार नाही, आणि मुंगीही शाळेत जाईल.

पण तपासणीच्या सकाळी मुंगी पोट धरून अंथरुणातच बसून राहिली. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. "खरंच दुखतंय?"

"बाई चांगल्या आहेत, आई," मुंगी हळूच म्हणाली. "त्यांना ओरडा बसेल."

नवऱ्याने नजरेनेच सांगितलं, तू जा, मी थांबतो. बाई शाळेत पोचल्या, तर त्यांच्याही वर्गात सुताराच्या धाकटीची जागा रिकामी. घर शाळेच्या मागेच होतं, बाई तिकडे गेल्या. सुतार दारात फळीवर रंधा मारत होता.

"मी तर निरोप दिला नव्हता," बाई म्हणाल्या.

"देणारच होतात, म्हणून आधीच ठेवली. थोरलीच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं की."

"चुकलं माझं तेव्हा. आज पाठवा तिला."

त्याने पोरीच्या केसांतला भुसा झटकला. "तुमचं काही वाकडं नाही ना होणार, बाई?"

"बघू."

साहेब आले, मागे बसले. बाईंनी पाठ सुरू केला आणि धाकटीला वाचायला उभं केलं. पहिल्याच शब्दाला ती अडली. पुढची मुलं शब्द सांगायला हात वर करू लागली. बाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोरगी अक्षराला अक्षर जोडत, मागे येत, पुन्हा पुढे जात अख्खी ओळ एकटीने वाचून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेबांनी शेरा वाचून दाखवला. एका विद्यार्थिनीवर पाठाचा निम्मा वेळ घालवला, बाकी वर्ग निष्क्रिय. श्रेणी सर्वात खालची.

"साहेब, मग मी काय करायला हवं होतं?" बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"ते सांगणं माझं काम नाही. त्यासाठी प्रशिक्षण असतं."

प्रशिक्षण झालं. खचाखच भरलेल्या सभागृहात एका गृहस्थाने पडद्यावरचे मुद्दे वाचून दाखवले आणि हजेरीवर सह्या घेतल्या. वाचता न येणाऱ्या मुलाविषयी बाईंनी हात वर करून विचारलं, तेव्हा प्रश्न शेवटी घेऊ म्हणाले. शेवटी चहा आला.

इकडे चौथीच्या बाईंना सर्वोत्तम श्रेणी मिळाली. त्यांचा पाठ आदर्श ठरला, आणि खालची श्रेणी मिळालेल्या सगळ्यांनी तो बघून टिपणं काढावीत, असा वरून आदेश आला. आपल्याच मैत्रिणीच्या वर्गात मागे खुर्ची टाकून तिसरीच्या बाई वही उघडून बसल्या. आजूबाजूला इतर शाळांतले शिक्षक होते.

"मुलांनो, आज पाहुणे आलेत," चौथीच्या बाई म्हणाल्या. "आज आपला पाठ आहे."

एवढं ऐकलं आणि मुंगी उठली. तिच्यापाठोपाठ आणखी दोघं उठली. कुणी सांगितलं नव्हतं. दप्तरं आवरून तिघं मुकाट्याने बाहेर गेली. चौथीच्या बाईंचा खडू फळ्यापाशीच थांबला. त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि फळ्यावर तारीख घालू लागल्या.

तिसरीच्या बाई बाहेर आल्या. तिन्ही मुलं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती.

"आत चल," त्यांनी मुंगीचा हात धरला.

मुंगीने हात सोडवून घेतला. "तू जा ना, आई. तुला लिहून घ्यायचंय ना? नाहीतर परत कमी मिळतील."

बाई तिथेच लेकीशेजारी फरशीवर बसल्या. आतून प्रश्न ऐकू येत होते आणि लगोलग एका सुरात उत्तरं. एकही उत्तर चुकत नव्हतं.