थर्मासचं झाकण

नवरंग हा पक्षी बेंगळुरात राहत नाही. ऑक्टोबरात उत्तरेकडून येतो, दोन-चार दिवस थांबतो आणि पुढं दक्षिणेला जातो. फार थोड्यांना दिसतो. जे. पी. नगरच्या तळ्यामागं बांबूचं एक बेट आहे, तिथं तो उतरतो हे माझ्या बायकोनं, सत्यवतीनं, शोधून काढलं. तिनं ते दोघांनाच सांगितलं. मला आणि पुरुषोत्तमला. तो वीस वर्षं आमच्याबरोबर पक्षी बघायला यायचा.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात तिनं तिथं नवरंगाची हाक कॅसेटवर घेतली. मग यंत्र बंद करायचं विसरली. त्यामुळं हाकेनंतर अर्धा तास तीच बोलत होती. थर्मासचं झाकण सापडत नाही, माझ्या गुडघ्याला तेल लावायला हवं, घरात नारळ नाही. घरी ऐकून आम्ही फार हसलो.

माझं इथल्याच शिवाजीनगरात घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही.

फेब्रुवारीत ती गेली. तेराव्याला आलेला पुरुषोत्तम हाक उतरवून घ्यायला कॅसेट घेऊन गेला. महिन्यानं म्हणाला, "अण्णा, यंत्रानं टेप खाल्ली. फेकून दिली. तुम्हाला दाखवायचं धाडस झालं नाही." मीच त्याची समजूत घातली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

यंदा मी एकटा गेलो. नवरंग दिसला तर आमच्या वहीत तिच्या नोंदीखाली लिहायचा, एवढंच मनात होतं. सहाला दहा मिनिटं होती. बेटाजवळ पोचलो आणि हाक आली. दोन सुरांची शिट्टी. थोड्या वेळानं पुन्हा आली. मी दबकत पुढं गेलो. डोळे भरल्यामुळं दुर्बिणीतून काही दिसेना.

मग त्याच बांबूतून बायको म्हणाली, "अहो, थर्मासचं झाकण…"

तिथंच तुटलं. लगेच हाक, परत हाक, परत हाक, अगदी सारख्या अंतरानं. मी घड्याळवाला आहे. पक्षी असा मोजून ओरडत नाही.

बेटाला वळसा घातला. पुरुषोत्तम उकिडवा बसला होता, पुढ्यात टेपरेकॉर्डर. मागं त्यानं पक्षी दाखवायला आणलेली पुण्याकडची सात-आठ माणसं. एक बाई त्याला म्हणत होती, "अहो, त्या काकू मध्येच बोलतात, त्यांनाही पुसून टाका ना."

"पुढचं कुठं आहे?" मी विचारलं.

पुरुषोत्तम दचकून उठला. "अण्णा! तुम्ही कधी आलात?"

"गुडघ्याचं, नारळाचं. ते कुठं आहे?"

"चूक झाली, अण्णा. चुकून बटण दाबलं गेलं."

मी वाकून कॅसेट काढली. मोडलेल्या तुकड्याच्या जागी चिकटपट्टी लावली होती; ती लावली की पुन्हा भरता येतं. कात्रीनं सरळ कापलेली, चारी कडा दाबलेल्या. मी ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"हे पण चुकून?"

तो म्हणाला, "हाक स्वल्पच होती. तेवढ्यानं पक्षी जवळ येत नाही. आणि अक्का काय, घरचंच बोलत होत्या. पुढं जागा होती."

जागा होती.

"आला! आला!" ती बाई कुजबुजली. पलीकडं पाचोळ्यात नवरंग उतरला असावा. सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडं वळल्या. पुरुषोत्तमनंही माझ्याकडं पाठ केली आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

मी नवरंगाकडं बघितलं नाही. तिथंच उभं राहून नखानं ती पट्टी सोलून काढली आणि कॅसेट खिशात घातली. तिच्यात आता बायकोचं अर्धं वाक्य उरलंय. त्यावर तरी कुणाला काही भरता येणार नाही.