टेम्पमधली हजेरी

त्या कार्यालयात इमारतींचे आराखडे निघत आणि ते सगळे कॉम्प्युटरवरच्या 'टेम्प' नावाच्या फोल्डरात पडून असत. टेम्प म्हणजे तात्पुरती जागा. फाइल ठेवायची, काम झालं की उचलायची. पण ज्याच्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरात मुंगीला शिरायला जागा नाही म्हटल्यावर लोक काय करणार? सगळ्यांनी टेम्पमध्येच संसार थाटला होता.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे झाडूताई म्हणत, कारण त्यांनी एक नियम लावून दिला होता. महिनाभर जी फाइल कुणी सेव्ह केली नाही, ती टेम्पमधून आपोआप झाडली जाई. कायदा आला की पळवाट आलीच. महिन्याच्या पहिल्या दिवशी जो तो डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्या हाताने आपल्या फायली उघडायचा, सेव्ह करायचा, मिटायचा. झाल्या महिनाभर जिवंत! याला कार्यालयात 'हजेरी' म्हणत. माणसं उशिरा आली तरी चालायचं, फायली हजर पाहिजेत.

आराखडे काढणाऱ्या नानांच्या हजेरीत एक फाइल दुसऱ्याची होती. ती लंबूची. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्यांचा जुना दोस्त. काही वर्षांपूर्वी बसल्या जागी छातीत कळ येऊन गेला. कार्यालयाने त्याचं खातं बंद केलं, फोल्डर पुसलं, आणि टेम्पमध्ये राहिला तो एका शाळेसाठी काढलेला गोल जिना. शाळेने पुढे साधाच जिना बांधला. पण हा काय देखणा होता! कठड्याला दोन दांडे, एक मोठ्यांच्या हाताला, एक लहानांच्या. नानांनी तो एकदा डोळे भरून पाहिला आणि मग दर महिन्याला नुसता उघडला, सेव्ह केला, मिटला. अलीकडे त्यांना त्याचाही कंटाळा यायचा. डोळे चुरचुरायचे, मान अवघडायची, आणि गेलेल्या माणसाचं हे लोढणं आपल्याच गळ्यात का, असंही एखाद्या महिन्यात मनात यायचं. मग स्वतःचीच लाज वाटून ते आणखी एकदा सेव्ह करायचे.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना लंबूच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, ह्यांच्या हातचं काही असेल का हो तिथे? लेक म्हणते, बाबांनी जन्मभर ऑफिसात नुसता चहा प्यायला. तिला दाखवू काय मी? घरात ह्यांची एक रेघ नाही."

"आहे वहिनी, आहे! मी स्वतः घेऊन येतो," नाना म्हणाले. कित्येक दिवसांत ते इतक्या उत्साहाने बोलले नव्हते.

कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मोठ्या कागदावर जिना छापला. कागद हळूहळू बाहेर सरकला, आणि सगळ्यात शेवटी आली खालच्या कोपऱ्यातली चौकट. 'आराखडा' या शब्दापुढे नानांचं नाव होतं. इतक्या वर्षांत त्या कोपऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

ते तसेच झाडूताईंकडे गेले.

"ते नाव आपोआप पडतं, नाना. शेवटी जो सेव्ह करेल त्याचं."

"मग आता लंबूचं घाला."

"कसं घालू? त्यांचं खातंच नाही. आणि ती चौकट हाताने भरता येत नाही. कुणी दुसऱ्याचं काम लाटू नये म्हणून साहेबांनीच तसं करून घेतलंय."

"जुनी प्रत असेल की कुठेतरी!"

"टेम्पची जुनी प्रत कोण ठेवतं हो?" झाडूताईंचा आवाज उतरला. "तुम्ही सेव्ह करत राहिलात म्हणून ही तरी आहे."

नाना मटकन खुर्चीत बसले. आपण इतकी वर्षं राखण केली की चोरी, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी आपल्या नावावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवली आणि तीवर लंबूचं नाव लिहिलं, पूर्वी हाताने आराखडे काढायचे तेव्हा लिहीत तसं, ठसठशीत. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी कुणी पाहत नाही ना, म्हणून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी वहिनींनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. लेक शेजारी उभी होती. वहिनींचं बोट दोन्ही दांड्यांवरून सावकाश फिरलं, पायऱ्या उतरत खाली आलं आणि कोपऱ्यातल्या पट्टीपाशी अडलं. त्यांनी कागद उचलून दिव्यासमोर धरला. पट्टीखालचं नाव स्पष्ट दिसत होतं.

"वहिनी, तसं नाही," नाना घाईघाईने म्हणाले. "हा लंबूनेच काढलाय. ते नाव मशीन आपोआप घालतं. मी दर महिन्याला नुसता सेव्ह करायचो, म्हणजे तो पुसला जाऊ नये म्हणून..." आपलंच बोलणं त्यांना थापांसारखं ऐकू यायला लागलं. ते थांबले.

लेक आत निघून गेली.

वहिनींनी कागदाची नीट गुंडाळी केली आणि नानांच्या हातात परत दिली.

"राहू द्या, भावजी," त्या मायेने म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी एवढं खोटं बोलायला तुम्ही आलात, हेच पुष्कळ झालं."