अळ्यांच्या वाट्याची तूर

मी तूर बोलतेय. हो, तुमच्या वरणातली तीच. पण मी पोत्यातून आलेली नव्हे. बीटी कपाशीच्या पाकिटात एक छोटी पिशवी येते ना, तिच्यातली मी. मला कपाशीच्या कडेनं पेरायचं आणि अळ्यांना माझ्यावर जेवू घालायचं, असा नियम. अळ्यांचा डबा म्हणून जन्माला आले, हे काही मिरवण्यासारखं नाही!

मेहकरच्या बाजारातून हबीबभाईंनी पाकिटं आणली, कपाशीचं बी काढून घेतलं आणि सगळं गाव करतं तेच केलं. मला उकिरड्यावर भिरकावलं. त्या सालात शिवारभर नुसती कपाशी होती. मूग गेला, उडीद गेला, बरबटीचं तर नावही कोणी काढेना. डाळ लोक दुकानातून आणत आणि ती शिजली नाही की दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत.

शेण टाकायला आलेल्या गौसियानं, म्हणजे हबीबभाईंच्या बायकोनं, मला पाहिलं. उकिरड्याच्या हातावर तुरी देऊन मी तिच्या पदरात शिरले. दुसऱ्या दिवशी तिनं मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टोचून टाकलं आणि पायानं माती लोटली.

मी कमरेएवढी झाले तेव्हा हबीबभाई विळा घेऊन आले.

"काऊन वं, हे कायले ठेवलं? कपाशीले सावली करून राह्यली."

"राहू द्या," गौसिया म्हणाली. "तुमाले नाही, त बकरीले होईल."

बकरीच्या भाग्यानं मी वाचले.

थंडी पडली आणि कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. वरून टवटवीत दिसणारं बोंड, फोडलं की आत किडकं. हबीबभाईंनी शेतात जाणंच सोडलं. त्यातच त्यांची लेक मलिहा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंगात रक्त कमी आहे, काहीही करून पोरीला खाऊ घाला. गौसिया रोज नवं काही रांधायची आणि ताट तसंच परत यायचं.

एका सकाळी मलिहा म्हणाली, "अम्मी, सोले-वांग्याची भाजी खावीशी वाटते."

सोले म्हणजे माझे ओले, हिरवे दाणे. गौसिया शेताचं नाव काढायच्या आत हबीबभाई चपला घालून बाहेर पडले. दारोदार विचारत फिरले. शेवटी शेजारशेतवाले रामराव हसायलाच लागले.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा! हबीबभाई, तुमच्याच धुऱ्यावर तूर लदबदली हाय नं!"

हबीबभाई तडक शेतात आले. खोटं कशाला बोलू, अळ्यांनी आपला वाटा खाल्ला होता. पण उरलेल्या शेंगांनी मी वाकले होते. त्यांनी दुपट्टा अंथरला आणि शेंगा तोडता तोडता चक्क गुणगुणू लागले. मला फार बरं वाटलं.

मलिहानं एक भाकर खाल्ली, मग अर्धी मागितली. सगळे तिच्याकडे बघत बसले. अन्न ठरलं.

"पाह्य, आपल्याच शेतातली हाय," हबीबभाई ऐटीत म्हणाले.

"हाव. तुमीच त उकिरड्यावर फेकली होती," गौसिया म्हणाली. मलिहाला हसताना ठसका लागला.

पुढं मी वाळले. भरडून माझी डाळ झाली, भरडताना उरलेली चुनी बकरीला गेली, तुराट्यांचं कुंपण झालं. आम्ही काही जणी बियाण्यासाठी राखेच्या मडक्यात बसलोय. पलीकडे पाळण्यात मलिहाची लेक झोपलीय.

काल हबीबभाईंनी पुन्हा पाकिटं आणली. एक फोडलं, छोटी पिशवी बाहेर काढली. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी ती गौसियाच्या हातावर ठेवली.

"आधी धुरा पेरू," ते म्हणाले.

बाबांनो, ती पिशवी तुमच्याकडेही येईल. अळ्यांची म्हणून फेकू नका. अळ्या काही सगळं खात नाहीत, आणि कुणाची तरी लेक माहेरी यायची असते.