नर्सबाईंचं भुतांबद्दलचं मत

"अगं, लाइट लावून जा की बये!" यशोधराबाई टीव्हीवर खेकसल्या. "बटन हाताशी हाय, तरी मेणबत्ती घेऊन तळघरात निघाली. हिला भूत धरणार न्हाई तर काय मला धरंल?"

शेजारी बसलेल्या वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि त्या पदरातूनच सगळं नीट बघत होत्या.

"उतरली का खाली?"

"उतरली. आता मागचं दार लागतंय बगा."

दार लागलं. वच्छलाबाई किंचाळल्या आणि लगेच हसायला लागल्या. दुपारी दोनचा हिंदीत बोलणारा विलायती भुताचा सिनेमा हा दोघींचा रोजचा नेम होता. वच्छलाबाई शेजारच्या आबासाहेबांच्या थोरल्या भावजय. त्यांच्या घरी हातभर रुंद टीव्ही होता, पण त्याचं बटण पुरुषांच्या ताब्यात. म्हणून त्या जेवणं आटोपली की मागच्या दाराने इकडे यायच्या.

यशोधराबाईंनी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. आधी चकलांब्याला, शेवटची आठ वर्षं नेकनूरला. त्यामुळे भुतांबद्दलची त्यांची मतं पक्की होती आणि ती ऐकवताना त्या समोरच्याच्या श्रद्धेची भीडभाड ठेवत नसत. "इतकी मेलेली माणसं म्या ह्या हातांनी पुसली, एक बी उठून बसलं न्हाई. बसलं असतं तर आधी त्याचं बीपी घेतलं असतं." आपल्याकडच्या भुतांवर तर त्यांचा विशेष राग. "दर वेळी बाईच कावून? पांढरं लुगडं, मोकळे केस! बाप्ये काय समदे तृप्त होऊन मरतात? बाई कावून तळमळत मेली ते दावा ना, केस काय दावता?"

चार वाजता आकाशयानाची मालिका लागायची. तीत निळ्या कातडीची, तीन डोळ्यांची मंडळी एका टेबलावर जेवायची. ती यशोधराबाईंना मनापासून आवडायची. "इतक्या ग्रहांवर उतरला ह्यो कप्तान, पण एकाला बी आडनाव विचारलं न्हाई," त्या कौतुकाने म्हणायच्या. पण तिथेही त्यांची एक तक्रार होतीच. "तीनशे वर्षांनी यानातला संडास कोण झाडतंय, ते एकदा दावा म्हणावं. तिथं पुन्ना आमच्यातलाच कुणी दिसला, तर काय उपेग त्या यानाचा?" वच्छलाबाईंना अशा वेळी कुठे पाहावं ते कळत नसे. त्या जाहिरातींकडे पाहत.

त्या दिवशी सिनेमातलं कुटुंब शेवटपर्यंत त्याच घरात राहिलं आणि भुताने त्यांचा छळ छळ छळ केला. वच्छलाबाई वैतागल्या. "मी म्हणते, इतकं समदं होतंय, तर ही माणसं घर सोडून कावून जात न्हाईत?"

आजवर हा प्रश्न यशोधराबाईंचाच होता. त्या आतापर्यंत हजार वेळा तरी टीव्हीला म्हणाल्या असतील, "अरे जावा की घर सोडून, मूर्खांनो." आज मात्र त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खालच्या आवाजात म्हणाल्या, "नर्सबाई, भाऊजींनी निरोप दिलाय. आवसेच्या आत घर सोडा, न्हाई तर वाईट होईल म्हणत्यात."

हे घर राधाकिशन गुरुजींचं. गुरुजी बावीस वर्षं इथे राहिले, दोन मुली इथूनच उजवल्या आणि पुढे बीडला गेले. दवाखान्याची खोली सोडायची वेळ आली, तेव्हा यशोधराबाईंनी निवृत्तीचा सगळा पैसा घालून ते घेतलं. गावाच्या मधोमध, आबासाहेबांच्या भिंतीला भिंत लागून. आबासाहेबांच्या मनात तिथे मुलाचं, अमरसिंहाचं संपर्क कार्यालय काढायचं होतं आणि गुरुजी कधी ना कधी आपल्याकडेच येतील अशी त्यांची खात्री होती. घर भलतीकडेच गेलं, तेही बौद्धाच्या बाईकडे. बावीस वर्षं कोणाला न दिसलेली हडळ त्यानंतर आठच दिवसांत त्या घरात राहायला आली.

हडळीचंही वेळापत्रक होतं. पत्र्यावर दगड पडायचे ते दुपारी जेवणं झाल्यावर. "हडळ जेवून येती," यशोधराबाई म्हणायच्या, "आन् रविवारी येत न्हाई, बाजार असतोय ना." पण हसून भागत नव्हतं. दूधवाल्याने दारावर येणं बंद केलं. नळाचं काम करणारा अर्धं काम टाकून गेला. ज्योत्स्ना, त्यांची मुलगी, पुण्याहून फोनवर रडली. "आई, इक ते घर. माझ्याजवळ ये. कुणासाठी राहतीस तिथं?"

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ भिंतीला टेकून बसल्या. ही त्यांच्या जन्मातली पहिली भिंत होती, जी सरकारची नव्हती, भाड्याची नव्हती, भावाच्या वाट्याची नव्हती. पोटात भीती होती, नाही कशाला म्हणायचं? भुताची नव्हती. दगड मारणाऱ्या हातांची होती. सिनेमातली माणसं घर का सोडत नाहीत, ते त्यांना तेव्हा समजलं. जायला स्वतःचं दुसरं घर असतं तर ती कशाला थांबली असती?

अमावास्येच्या सकाळी त्या झाडू घेऊन दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेर उतारा दिसला. हळद-कुंकू लावलेला भात, बिब्बे, काळी बाहुली आणि शेंडीचा एक चांगला भरीव नारळ. गल्लीत दोन-चार दारं किलकिली झाली. नर्सबाई आता किंचाळते की सामान बांधते, हे सगळ्यांनाच पाहायचं होतं.

यशोधराबाईंनी चष्मा लावला, खाली बसल्या आणि त्यांना हसू आलं. उतारा ठेवतात पत्रावळीवर, फार तर मातीच्या फुटक्या परळात. ज्या कुणाला हे काम सांगितलं होतं, त्याने अंधारात हाताला लागेल ते उचललं होतं. सगळं सामान एका लख्ख स्टीलच्या ताटलीत होतं आणि काठावर मशीनने कोरलेलं होतं: 'चि. अमरसिंह यांच्या विवाहानिमित्त, मामांकडून.'

भात त्यांनी गाईसमोर टाकला. बाहुली आणि बिब्बे कचऱ्यात गेले. नारळ घेऊन त्या घरात आल्या.

दुपारी वच्छलाबाई आल्या तेव्हा घरभर तुपाचा वास सुटला होता. ताटली राखेने घासून ओट्यावर उपडी घातली होती. वच्छलाबाईंनी काठावरची अक्षरं पाहिली आणि घाईने मागचं दार लोटून घेतलं.

"नर्सबाई, तुमच्या पाया पडते. फेकून द्या ती कुठं तरी."

"चांगलं भांडं कुणी फेकतं व्हय? ज्याचं त्याला द्यायला नगं?"

"आन् शिजवता काय ह्ये?"

"भांडं काय रिकामं धाडू? आमच्यात तसं करत न्हाईत. तुमच्यात करतात का?"

वच्छलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांना खवलेल्या नारळाची करवंटी दिसली, आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. "उताऱ्याचा नारळ! खाणाराला बाधतो, बाई!"

"खाणाराला का ठेवणाराला, ते बगूच की आज." त्यांनी कढईत साखर घातली आणि ढवळत राहिल्या. त्या दिवशी दोघींनी टीव्ही लावला नाही. वच्छलाबाई पदर सावरून मागच्या दाराने निघून गेल्या.

पाच वाजता यशोधराबाई इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून पुढच्या रस्त्याने आबासाहेबांच्या दारात गेल्या. ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. आबासाहेब बाजेवर होते. बाईंच्या हातातली ताटली पाहून बोलणं थांबलं.

"या, नर्सबाई. काय काडलं?"

"तुमची ताटली आमच्या दारात राहिलती. द्यायला आले."

"आमची न्हाई ती."

"नाव हाय की." त्यांनी चष्मा सावरला आणि दवाखान्यात पेशंटचं नाव पुकारायच्या त्याच आवाजात सगळं वाचून दाखवलं, मामांसकट. ओसरीवरच्या एकाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आबासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बरं, ठिवा तिथं कट्ट्यावर," ते म्हणाले.

कट्टा कुणाचा, तिथे कुणाच्या हातचं काय ठेवतात आणि मग त्यावर पाणी मारून ते कसं आत नेतात, हे यशोधराबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या हलल्या नाहीत.

"कुत्रं चावलं तवा पाच इंजेक्शनं ह्याच हातानं घेतलीत तुमी, आबासाहेब. दंड म्याच धरला होता. हातात घ्या."

यशोधराबाईंनी ताटली तशीच पुढे धरून ठेवली. साठीच्या हाताला ती जड होत चालली होती. पण हात खाली घ्यायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. शेवटी सगळे बघतायत म्हणून आबासाहेब उठले आणि दोन बोटांनी काठ धरला.

"दोन्ही हातांनी धरा. सांडंल."

त्यांनी दोन्ही हातांनी धरला. यशोधराबाईंनी वरचा रुमाल काढला. केशरी रंगाच्या, चौकोनी कापलेल्या वड्या होत्या. त्यातली एक उचलून त्यांनी तिथेच तोंडात टाकली आणि सावकाश चावून खाल्ली.

"चांगल्या झाल्यात. खोबरं तुमचंच हाय, सकाळी दारात ठिवलं होतं ते. साखर तेवडी माझी."

ओसरीवरची दोन माणसं सरकून बसली. आबासाहेबांना ताटली खाली ठेवता येईना, टाकून देता येईना. ती अंगापासून लांब धरून ते आतल्या दाराकडे पाहू लागले.

"मी घर सोडणार न्हाई," यशोधराबाई म्हणाल्या आणि वळल्या.

"वहिनी!" मागे आबासाहेब ओरडले. "वहिनी, ह्ये आत न्या!"

वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट, हात जोडून पोटाशी धरलेले. त्यांनी दिराकडे पाहिलं, रस्त्याने जाणाऱ्या नर्सबाईंच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.