ताटलीतला तेलाचा थेंब

मिरेल्ला मिलानहून आली त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. प्रोकोलो एरवी बनियनवरच बोट काढतो. बोटीच्या काचेच्या तळातून समुद्रात बुडालेलं रोमन शहर दाखवायला शर्ट कशाला लागतो? पण माझ्याआधी त्याचं मिरेल्लाशी ठरलं होतं, हे आमच्या अख्ख्या बाकोली गावाला ठाऊक आहे.

ती सरळ घरात आली, माझ्या नुन्झियाला उचललं आणि म्हणाली, "अगं बाई, काय गोड पोर आहे!"

बस्स. पुढं 'देव राखो' नाही. आमच्याकडे बाळाचं कौतुक केलं की तेवढं तोंडातल्या तोंडात तरी म्हणतात, नाहीतर दृष्ट लागते. मिलानला राहून विसरली असेल. मी मात्र ते मनात धरून ठेवलं.

मग ती बोटीतून फिरायला धक्क्यावर प्रोकोलोकडे गेली आणि मी खिडकीत उभी राहिले. खाली दोघं हसत होती, बोलत होती. किती वेळ, कोण जाणे. पाठीमागे नुन्झिया रडायला लागली ती थांबेचना.

"आई, हिला तिची दृष्ट लागलीय," मी सासूबाईंना म्हणाले. "प्रोकोलोला वर बोलवा. पोरीला असं टाकून तो बोट काढायचा नाही."

पोर रडत होती आणि मला आत कुठंतरी बरं वाटत होतं.

सासूबाईंनी ताटलीत पाणी घेतलं, नुन्झियाच्या डोक्यावर धरलं आणि प्रार्थना पुटपुटत बोटानं तेलाचा थेंब सोडला. दृष्ट असली की तेल पसरतं. हा थेंब टम्म गोल, जागच्या जागी.

"पसरलं म्हणा ना," मी हळूच म्हणाले.

"देवाचं नाव घेऊन खोटं बोलू?" त्यांनी ताटली खाली ठेवली. "तितीना, हिला शेवटचं कधी पाजलंस?"

मला आठवेना. ब्लाऊज दुधानं भिजला होता, त्याचाही पत्ता नव्हता. पोरीला जवळ घेतलं तर ती अशी तुटून पडली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"रडणं नंतर," म्हणत त्या खिडकीतून ओरडल्या, "प्रोकोलो, थांब रे! तुझी बायको येतेय!"

बोटीत मी बरोबर दोघांच्या मधे बसले, शालीखाली पोरीला पाजत. काचेखाली रंगीत दगडांची जमीन, वरून मासे. मी नवऱ्याकडेच बघत होते. त्यानं घसा खाकरला.

"रोमन श्रीमंतांना समुद्र हवा होता, म्हणून त्यांनी इथं बंगले बांधले..."

हेच तो रोज जर्मन लोकांना ऐकवतो. न्हाणीघरातसुद्धा घोकतो. तिच्यासाठी एक शब्द नवा नव्हता.

"...मग समुद्रालाच बंगले हवेसे झाले," मी त्याच्या आधी म्हणून टाकलं.

मिरेल्ला खो खो हसली. प्रोकोलोनं डोळे वटारले. "माझा धंदा बुडवशील तू!"

"बुडू दे," मी म्हणाले, आणि नुन्झियाला दुसऱ्या बाजूला घेता घेता त्याच्याकडे आणखी थोडी सरकले.